यूकेचा यंग प्रोफेशनल्स व्हिसा नाकारला तर
मावसभावाचा इंडिया यंग प्रोफेशनल्सचा व्हिसा, म्हणजे तरुण भारतीय पदवीधरांना यूकेत दोन वर्षं राहून काम करू देणारा, रिजेक्ट झाला आणि घरी सगळे लागले मागे, वकील बघ, कोर्टात जा. अरे, यात कोर्टातलं अपील नसतं, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू असतो, फी ८० पाउंड, भारतातून अर्ज केला असेल तर नकार मिळाल्यापासून २८ दिवसांत टाकायचा. त्यात अधिकाऱ्याची चूक झाली का एवढंच बघतात, नवीन कागद सहसा चालत नाहीत. म्हणून आधी बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसा, एकेक ओळ बघा, या व्हिसासाठी खात्यात २५३० पाउंड सलग २८ दिवस हवेत, मध्ये एक दिवस जरी ईएमआय कटून बॅलन्स खाली गेला असेल तर रिव्ह्यूवर पैसे घालवू नका. पण बॅलन्स नीट असूनही नाकारला असेल ना, तर अजिबात गप्प बसू नका, स्टेटमेंटमधली तारीख, पान नंबर देऊन रिव्ह्यूत ठणकावून लिहा, बॅलटमध्ये, म्हणजे अर्ज करायची संधी कोणाला हे ठरवणाऱ्या लॉटरीत, नाव लागणंच मुळात किती अवघड!