जुन्या पद्धतीने गणितं: यावेळी √२ आणि ते ३४

मंडळी, जुनी गणितं ज्याची त्याच्याच रीतीने, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून सोडवायचा माझा जो उद्योग चालू आहे त्याचा हा पुढचा अपडेट. इजिप्तवाल्यांचा दुपटीदुपटीने गुणाकार झाला, π साठी आर्किमिडीजचा ९६ बाजूंचा बहुभुजही झाला (तो प्रकार लई दमवतो). पण √२ हातात घेतलं आणि तिथेच रमलोय.

सुरुवात बॅबिलोनपासून. वायबीसी ७२८९ ही मातीची पाटी इ.स.पू. १८०० ते १६०० च्या सुमाराची, आता येल विद्यापीठात आहे. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण, बाजूवर ३० आणि कर्णावर १, २४, ५१, १०. हे साठच्या पटीतलं लिखाण आहे, म्हणजे १ अधिक २४ साठांश अधिक ५१ भागिले ३६०० अधिक १० भागिले २१६०००, आपल्या दशांशात १.४१४२१२९६, √२ च्या अगदी जवळ. त्याला ३० ने गुणलं की ४२, २५, ३५ येतं आणि तेही पाटीवर लिहिलेलं आहेच. हा गुणाकार एकदा हाताने करून बघाच, साठात हातचे घ्यायची सवय लागली की भन्नाट वाटतं.

मग शुल्बसूत्रं, म्हणजे दोरीने यज्ञवेदी आखायचे जुने नियम. चौरसाच्या कर्णासाठी त्यात बौधायन सांगतो की बाजूत तिचा तिसरा भाग मिळव, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळव आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा कर. १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८. तिसरा, चौथा समजू शकतो, पण ३४ कुठून आला? सूत्रात कारण दिलेलं नाही. आलेखाचा कागद घेऊन बसलो. १२ × १२ चे दोन चौरस म्हणजे २८८ घरं. १७ × १७ चा एक चौरस म्हणजे २८९. फक्त एक घर जास्त! आता ते एक घर कमी करायचं तर मोठ्या चौरसाच्या दोन बाजूंनी बारीक पट्ट्या कापायच्या, दोन्हींची लांबी १७ + १७ = ३४, म्हणून रुंदी घराच्या चौतिसाव्या भागाएवढी, आणि एक घर म्हणजे मूळ बाजूचा बारावा भाग, म्हणून १/४०८. ही उकल अभ्यासकांनी आधीच मांडलेली आहे, पण कागदावर स्वतः पट्टी आखली तेव्हा ते ३४ खरं समजलं. कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींवर येतात म्हणून अगदी किंचित जास्त उरतं: ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८, परत एकाचाच फरक!

आणि ५७७/४०८ साठच्या पटीत लिहून पाहिलं तर पहिले आकडे १, २४, ५१, १० असेच येतात. यावरून कोणी कोणाकडून घेतलं असं लगेच ठरवू नका, माझ्या मते चौरस दुप्पट करायचा प्रश्नच माणसाला या वाटेने नेतो.

पुढचा धागा ब्रह्मगुप्ताचा, इ.स. ६२८. त्याच्या ‘भावना’ या रीतीने, म्हणजे जोड्यांच्या गुणाकारातून नवी जोडी काढून, (३, २) वरून (१७, १२) मिळतं आणि त्यावरून थेट (५७७, ४०८), तीनही जोड्यांत पहिल्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गाच्या दुपटीपेक्षा बरोबर एकाने जास्त. दोरीने वेदी आखणाऱ्यांचा आकडा हजारेक वर्षांनी बीजगणितात असा सापडतो, मला हे फारच आवडलंय.

सध्या वहीत भास्कराचार्यांचं ६१ चालू आहे: ६१ ने गुणलेल्या वर्गात १ मिळवून परत वर्ग यायला हवा. ११५० च्या सुमाराला चक्रवालाने (फेरीफेरीने उत्तराकडे जायच्या रीतीने) हे सुटलेलं होतं, आणि १६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना हेच ६१ घातलं. ८ आणि १ पासून सुरुवात केली, ८ च्या वर्गातून म्हणजे ६४ मधून १ च्या वर्गाची ६१ पट, म्हणजे ६१ गेले, शेष ३ उरला. पहिल्या फेरीतच ३९ आणि ५ आले, १५२१ वजा १५२५, म्हणजे उणे ४. इथून ब्रह्मगुप्ताचा शॉर्टकट आहे, पण मी चक्र पूर्ण फिरवणार आहे, २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ येईपर्यंत. कोणी सोबत करत असेल तर प्रत्येक फेरीचा शेष लिहा, ताळा घेऊ.