तळं डाव्या हाताला

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी जाग आली तेव्हा डावा कान उशीत दाबला गेलाय असं वाटलं. उठून बसलो तरी उशी कानातच. सर्दी असेल, मळ असेल, जाईल आपोआप, असं म्हणत मी तीन आठवडे घालवले. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, आलेख काढला आणि फार शांतपणे म्हणाले, "पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं." अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइड देतात, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. दोन आठवडे उलटले की आशा कमी कमी होत जाते. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतोय, कारण कुणाच्या तरी कामी येईल. पुढच्या मजकुराचा कुणाला काही उपयोग होईलच असं नाही.

मी व्हायोलिन वाजवतो. हौसेनं, पण तीस वर्षं. हनुवटीखाली धरलं की व्हायोलिन डाव्या कानाच्या अगदी खाली येतं. त्यामुळे माझंच वाद्य मला शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवतंय तसं ऐकू यायला लागलं. त्याची सवय झाली. ज्याची झाली नाही ती म्हणजे इतरांबरोबर वाजवण्याची. आम्ही सात जण दर शनिवारी जमायचो. आता त्या खोलीत सगळी वाद्यं एका पोत्यात भरून ओतल्यासारखी अंगावर यायची. एकच आवाज दोन कानांत किंचित पुढे-मागे पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण त्यावरून मेंदू दिशा ओळखतो आणि गर्दीतून एकेक आवाज वेगळा काढतो. एका कानावर ते जमत नाही. चेलो कुठला आणि खुर्ची सरकली कुठली, हे कळेपर्यंत माझी जागा निघून गेलेली असायची. दोन-तीन महिन्यांनी मी कामाचं निमित्त सांगून जाणं बंद केलं. कुणी फार आग्रह केला नाही, आणि तेच जास्त लागलं.

तळ्यावर जायला लागलो ते असं रिकाम्या झालेल्या वेळेमुळे. पक्ष्यांसाठी वगैरे नाही. पहाटे तिथे माणसं नसतात, म्हणजे "काय?" असं कुणाला विचारावं लागत नाही, एवढाच हिशोब.

तळ्याभोवती पायवाट आहे, सावकाश चाललं तर पाऊण तास लागतो. एका अंगाला झाडी, एका टोकाला पाणकणसांचं दाट बेट, मधे उघडं पाणी. पहिली ओळख झाली वारकऱ्यांशी. काळा कुळकुळीत पक्षी, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणून हे नाव. ज्यानं कुणी ठेवलं त्याची नजर चांगली होती. बदकासारखा पोहतो पण बदक नव्हे. पाय बघावेत त्याचे. बोटांना पाळीसारखे पडदे असतात, जणू पानं शिवलेली. उडायचं म्हटलं की आधी पाण्यावरून धावत सुटतो, तो फटफटफट आवाज मला एका कानानंही लांबून कळायचा. मग पाणकावळे. बुड्या मारून झाल्या की खुंटावर पंख पसरून बसायचे. पिसं थोडी भिजतात म्हणून वाळवावी लागतात, पण दिसायला मात्र सभेपुढे भाषणाला उभे राहिल्यासारखे. काठावर तुतवार. त्याचं शेपूट सारखं वर-खाली, ठेका धरल्यासारखं, पण कुठल्याही तालात न बसणारं. मी मोजून पाहिलंय.

आणि टिबुकली. मुठीत मावेल एवढी, आत्ता होती आणि आत्ता नाही. ती बुडली की मी श्वास रोखून धरायचो आणि ती वर यायच्या आधी मीच श्वास सोडायचो. चार वर्षं रोज टिबुकल्या पाहिल्या आणि चार वर्षं माझी पक्की समजूत होती की हा मुका पक्षी आहे.

इंटरनेटवरचा तो गट मला दुसऱ्या वर्षी सापडला. चाळीसेक माणसं, कोण कुठली ते बहुतेकांचं मला आजही माहीत नाही. पद्धत साधी. आठवड्यातून एकदा कुणीतरी बाहेरचा आवाज ध्वनिमुद्रित करून टाकायचा: पावसाचा, जिन्याचा, धुणं वाळत घातल्याचा. त्यावर दुसऱ्यानं एक लांब सूर धरायचा, तिसऱ्यानं त्यात काहीतरी मिसळायचं. असं फिरत फिरत आठवड्याभरात एक तुकडा तयार होतो. नियम एकच: मुळातला आवाज झाकायचा नाही.

सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचा प्रयत्न आम्हीही एकदा करून पाहिला. फजिती झाली. आवाज पोचायला सेकंदाच्या तीन-चार शतांशाहून जास्त उशीर झाला की प्रत्येक जण नकळत दुसऱ्यासाठी थांबतो. दुसरा आपल्यासाठी थांबलेलाच असतो. लय हळूहळू मंदावत जाते, दोन माणसं दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अडकतात तशी. एरिक व्हिटॅकर या संगीतकारानं २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ गायकांचं समूहगान इंटरनेटवर जमवलं, तेही प्रत्येकानं आपापल्या घरी वेगळं गाऊन पाठवलेलं आणि मग एकत्र जुळवलेलं. तोच खरा मार्ग. आणि माझ्यासारख्याला तर तो सोन्यासारखा. एका वेळी एकच वाद्य ऐकायचं, हवं तितक्या वेळा, हेडफोनचा उजवा कप कानावर दाबून. खोलीत जे जमेना ते इथे जमायला लागलं. माझ्या कानाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

मी दर रविवारी तळ्याच्या फेरीचा आवाज गटात टाकायला लागलो. पाठपिशवीच्या पट्ट्याला छोटं रेकॉर्डर अडकवायचं, वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्याला केसाळ टोपी घालायची, आणि चालायचं. अकॉर्डियन वाजवणारे एक गृहस्थ त्यावर बहुतेक पहिला सूर धरतात, बास क्लॅरिनेटवाली बाई सगळ्यात शेवटी येते आणि सगळ्यात कमी वाजवते. तिच्या दोन सुरांसाठी मी आठवडाभर थांबू शकतो.

आणि एक सभासद आहे जो काहीच वाजवत नाही. काही बोलतही नाही. फक्त वेळा लिहितो. "१:०५." "६:२२, परत." एवढंच. पुरुष की बाई, तरुण की म्हातारं, कुणालाच ठाऊक नाही. गटात आम्ही सगळे त्याला 'घड्याळ' म्हणतो, आणि मराठीत विचार करताना मला त्याची मोठी सोय होते, कारण घड्याळ नपुंसकलिंगी. घड्याळ आलं, घड्याळानं ऐकलं. त्यानं दिलेल्या जागी जाऊन ऐकलं की तिथे हमखास काहीतरी असतं: मासा उसळल्याचा 'चुळुक', लांबवर झालेला पंखांचा फडफडाट, किंवा मी स्वतःशीच पुटपुटलेलं काहीतरी.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी घड्याळानं पहिल्यांदाच प्रश्न विचारला. "४:३७. हे कोण?"

मी ४:३७ ऐकलं. काही नव्हतं. माझी पावलं, झाडीतला एक बुलबुल, बस. पुन्हा ऐकलं. पुन्हा काही नाही. तोवर अकॉर्डियनवाल्यांनी लिहिलं, "हो की! कोण हसतंय हे?" क्लॅरिनेटवालीनं लिहिलं, "घोड्याचं अगदी छोटं पिल्लू." चार जणांना ऐकू येतंय आणि ज्यानं ते मुद्रित केलं त्याला नाही. रात्री उशिरा डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्डरला दोन माइक, एक डावीकडचं टिपतो, एक उजवीकडचं. डावीकडचं सगळं डाव्या हेडफोनमध्ये. म्हणजे माझ्यापुरतं कचऱ्याच्या डब्यात. फोनच्या सेटिंग्जमध्ये, दिव्यांगांसाठीच्या सोयींत, 'मोनो ऑडिओ' नावाचं एक बटण असतं. दोन्ही बाजू एकत्र करून दोन्ही कानांत देतं. ते माझ्या फोनमध्ये चार वर्षं होतं आणि मी कधी दाबलं नव्हतं.

दाबलं. ४:३७. एक चढत जाणारी, थरथरणारी, लांब खिंकाळी. खरोखर हसल्यासारखी.

झेनो-कँटो नावाचं एक संकेतस्थळ आहे, २००५ पासून जगभरचे लोक तिथे पक्ष्यांचे आवाज जमा करतात. तिथे तासभर शोधाशोध केली. एका पाठोपाठ एक पाणपक्षी लावून पाहिले. जुळला तो टिबुकलीशी. माझ्या त्या मुक्या टिबुकलीशी!

मग दुसरी गोष्ट लक्षात आली, ती जास्त लाजिरवाणी. मी पायवाटेवर पहिल्या दिवशी ज्या बाजूनं शिरलो त्याच बाजूनं रोज शिरत होतो. उलटी प्रदक्षिणा. म्हणजे तळं कायम डाव्या हाताला. चार वर्षं मी तळ्याकडे बहिरा कान करून चाललो होतो आणि झाडी ऐकून घरी येत होतो. डोक्याचीही सावली पडते. बारीक, उंच आवाज त्या सावलीत जास्त अडकतात. टिबुकलीची खिंकाळी, छोट्या खंड्याची उडतानाची शिट्टी, सगळं पलीकडेच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पायवाटेच्या तोंडाशी उभा राहिलो आणि उजवीकडे वळायचो तो डावीकडे वळलो. तळं उजव्या हाताला. त्या फेरीचं वर्णन करता येईल असं मला वाटत नाही, तरी थोडं सांगतो. पाणी गप्प नसतं. वारा नव्हता, आणि पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली की आवाज वर निसटून जात नाही, खाली वाकतो आणि पाण्यावरून घसरत काठाला येतो. तसंच काहीसं असावं. पलीकडच्या काठावरचे वारकरी माझ्या कानाशी भांडत होते. पाणकणसांत कुणीतरी सारखं कुरकुरत होतं. पाऊण तासाची फेरी मला दोन तास पुरली. घुबडांच्या काही जातींत एक कान वर आणि एक खाली असतो, त्यावरून अंधारात उंदीर नेमका कुठे ते त्यांना कळतं. मला कुठे ते अजूनही कळत नाही. मी मान फिरवतो, थांबतो, परत फिरवतो. लांबून बघणाऱ्याला मी वाट चुकल्यासारखा दिसत असणार.

त्या मोसमात बेटाच्या कडेला टिबुकलीचं घरटं दिसलं. घरटं कसलं, कुजक्या पाणवनस्पतींचा तरंगता ढिगारा, लव्हाळ्याला अडकवलेला. ती उतरून जाताना अंड्यांवर ओलं गवत ओढून गेली, दोन-तीन झटक्यांत, कुणी दिवा मालवून खोलीबाहेर पडावं तशी. मी लगेच मागे सरलो आणि पुढचे काही आठवडे त्या कडेला गेलो नाही. नंतर लांबून दुर्बिणीत पिल्लं दिसली, आईच्या पाठीवर, पिसांतून फक्त पट्ट्यापट्ट्यांची डोकी बाहेर. गटाला मी नेहमीची फेरी पाठवली आणि या खेपेला खाली कानाची सगळी गोष्टही लिहिली. क्लॅरिनेटवालीचं उत्तर आलं: "म्हणून तुम्ही नेहमी डावीकडचा चेलो सोडून बाकी सगळ्यांशी जुळता!" यावर दोन दिवस हसत होतो. घड्याळानं लिहिलं, "९:४०."

मागच्या वर्षी घड्याळ तीन महिने दिसलं नाही. कुणाला विचारणार? ना नाव, ना पत्ता. मी दर रविवारी फेरी टाकत राहिलो. खाली इतरांचं सगळं यायचं, सूर चढायचे, तुकडे व्हायचे. मी मात्र चालताना एखाद्या आवाजापाशी थांबायचो आणि मनात आकडा म्हणायचो: हे घे, सात बावीस. बारा फेऱ्या अशा गेल्या. मग एका मंगळवारी रात्री एकदम बारा ओळी आल्या, प्रत्येक जुन्या फेरीखाली एकेक. कुठे होतं, का नव्हतं, एक अक्षर नाही. बारांपैकी पाच जागा माझ्या मनातल्याच होत्या. मी उत्तरादाखल अंगठा दाखवला आणि फोन खाली ठेवला आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत बसलो.

आता ताजी खबर. मोनोचं बटण दाबल्यापासून मला जुन्या फेऱ्यांत एक नवाच पक्षी ऐकू यायचा. बारीक, वर चढणारं 'चुईं'. थोड्या थोड्या अंतरानं, अगदी नियमित. प्रत्येक ऋतूत, प्रत्येक फेरीत. झेनो-कँटोवर शोध शोध शोधला. शिंजीर म्हणावा तर शिंजीर नाही, धोबी म्हणावा तर धोबी नाही. परवा शेवटी धीर करून गटात विचारलं, हा कोण?

अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग अकॉर्डियनवाल्यांनी लिहिलं की तो पक्षी माझ्या डाव्या पायात आहे. बूट करकरतो. पहिल्या फेरीपासून करकरतोय. मिनिटाला ४४ वेळा, आणि गेली चार वर्षं ते त्याच लयीवर वाजवतायत. मी म्हटलं, माफ करा, उद्याच तेल लावतो नाहीतर नवे घेतो. त्यावर एकोणीस जणांनी नको म्हणून लिहिलं.

घड्याळानं सगळ्यांत शेवटी लिहिलं. "०:००."