पट्टी नंबर ५ : चांदी टिकली!

अळूचं पान बादलीत तिरकं बुडवून बघा, वरून सरळ बघितलं तर हिरवंच दिसतं, पण डोळा खाली नेऊन तिरकं बघितलं की अख्खं पान चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकतं. ती चमक म्हणजे पानाला चिकटलेला हवेचा पातळ थर, आणि पाण्यातून ओढलेल्या प्लास्टिकच्या पट्टीचं घर्षण कमी करायच्या माझ्या प्रयोगात मला तोच थर पट्टीवर हवाय, कारण हवेची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा आतला विरोध) पाण्याच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकीच, म्हणजे पाणी पट्टीऐवजी हवेवरून घसरणार.

सेटअप जुनाच. पन्हळीत पाणी, पट्टीला दोरा, ती ओढायला पुलीवरून लटकवलेला नट, आणि वेग मोजायला मोबाईलचा स्लो मोशन. आधी गोट्या सोडून बघत होतो पण गोटीला मागच्या भोवऱ्यांचाच विरोध जास्त, पृष्ठभागाचं घर्षण त्यात कळतच नाही, म्हणून लांब पातळ पट्टीच बरी.

आधीच्या नंबर ४ च्या पट्टीवर रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरने २०० मायक्रॉन (०.२ मिलिमीटर) रुंद खाचा काढून वॉटर रिपेलंट स्प्रे मारला होता. सुरुवातीला साध्या पट्टीपेक्षा पळाली मस्त, पण चार-पाच फेऱ्यांत कडेपासून चांदी काळी पडत गेली आणि खाचांत पाणी शिरल्यावर तर ती साध्या पट्टीच्याही मागे पडली, कारण मग उरतो नुसता खरखरीतपणा. खाच जितकी रुंद तितकी हवा कमी दाबाला हार मानते, २०० मायक्रॉनला हिशोबाने पाण्याखाली फार तर ६-७ सेंटीमीटर खोलीपर्यंत हवा टिकते, १ मिलिमीटरला जेमतेम सव्वा सेंटीमीटर! त्यात उकळून गार केलेलं पाणी वापरलं तर चांदी अजूनच लवकर जाते, त्यातली विरघळलेली हवा निघून गेलेली असते ना, मग ते आपल्या थरातली हवा पिऊन टाकतं.

उत्तर साल्व्हिनियाकडे सापडलं. केरळात कालवे भरून टाकणारं, पाण्यावर तरंगणारं तेच तण. त्याच्या पानावरचे केस अंडं फेटायच्या व्हिस्कसारखे, सगळं अंग पाणी झटकणारं, फक्त टोकं पाण्याला धरून ठेवणारी. जर्मनीतल्या बॉनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट यांच्या टीमने हे २०१० मध्ये मांडलं. टोकांनी पाणी धरलं की ते हलत नाही, आणि आतली हवा सुटत नाही.

म्हणून नंबर ५ वर स्प्रे वाळल्यावर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने खाचांच्या फक्त माथ्यावरून अलगद दोनदा हात फिरवला, म्हणजे तिथला स्प्रे निघून माथे पाण्याला धरतील. वीस फेऱ्या झाल्या, मधला भाग अजून चमकतोय!! फक्त मागच्या टोकाला खाचा उघड्या आहेत, तिथून बारीक बुडबुडे निसटताना दिसतात. नंबर ६ मध्ये दर सेंटीमीटरला आडवी भिंत घालून छोटे कप्पे करतोय, प्रिंट आत्ता लावलंय.