पाझरणारा वाडगा

माच्चा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड, पाण्यात घोटला, दोन घोट घेतले आणि वाडगा खाली ठेवला. पुन्हा उचलला तर टेबलावर ओलं कडं उमटलेलं. पुसलं. पाच मिनिटांनी परत तेच. तळाला बोट लावून पाहिलं, तर दमट. बारा हजार येन मोजून आणलेला वाडगा गळत होता!

मी हिरोशिमात राहते आणि चार वर्षांपासून चहाचे वाडगे जमवते. चहावाल्यांत इथे वाडग्यांच्या घडणींचा एक क्रम सांगतात: पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सू. त्यातला हागीचा वाडगा घ्यायला मी मुद्दाम यामागुची प्रांतातल्या हागी गावी गेले होते. १६०४ मध्ये मोरी तेरुमोतो हा सरदार तिथे आला, आणि जपानचा आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वारीनंतर तिकडून आणलेल्या कुंभारांनी हागीत भट्टी लावली. त्या कोरियन वळणावरच माझा जीव जडलाय. माझ्या वाडग्याच्या बुडाच्या कड्याला एका जागी खाच आहे. अंगठा बरोबर तिथे जाऊन बसतो.

दुकानात फोन केला. ते शांतपणे म्हणाले, हागी असाच असतो. माती भरड, भाजूनही पोकळसर राहते, आणि थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिला बारीक तडे जातात. त्यातून पाणी झिरपतं. वापरा, हळूहळू थांबेल. घाई असेल तर तांदळाच्या धुवणात उकळा.

आईला रत्नागिरीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगो, मडकंच ते! नव्या मडक्याला आपण पेज नाही का पाजत?"

तर पाजली. पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं घातलं, त्यावर वाडगा ठेवला, तो बुडेल एवढं तांदळाचं पहिलं दाट धुवण गार असतानाच ओतलं. गरम पाण्यात एकदम टाकला तर तडकायची भीती. मंद आचेवर अर्धा तास, मग रात्रभर त्यातच निवू दिला. सकाळी अंगावर बुळबुळीत साय होती, ती हाताने धुतली.

इथवर सगळं नीट झालं. चूक पुढे झाली. दुसऱ्या दिवशी वाडगा हाताला कोरडा लागला, म्हणून कुंभाराची सही असलेल्या किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत घालून झाकण लावलं. दिवस जूनचे, पावसाळी. दोन आठवड्यांनी पेटी उघडली तर आंबलेल्या भाताचा वास, आणि खाचेपाशी करडे ठिपके. रडायलाच आलं. मातीच्या पोटात पेज होती आणि ओलही होती, बुरशीला आणखी काय हवं?

साध्या पाण्यात दोनदा उकळला. आठवडाभर वाऱ्याला ठेवला, मग काही तास उन्हात. वास गेला, ठिपकेही गेले; खाचेतला एक मात्र राहिला. पुन्हा धुवणात उकळला आणि या वेळी दहा दिवस त्याला हात लावला नाही. मग वर्तमानपत्रावर ठेवून पाणी भरलं. तासाभराने कडं उमटलं, पण फिकट, अर्धवट. रोज वापरत गेले तसं तीनेक आठवड्यांत तेही थांबलं.

माझं ठाम मत झालंय की हागीला उकळण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. आणि चहाआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचा, म्हणजे माती आधी पाणी पिते, चहाचा डाग एकदम बसत नाही. पहिल्या दिवशी मी तेवढंही केलं नव्हतं.

आता आठ महिने झाले. आतली झिलई आणली तेव्हा दुधाळ होती. आता तिच्या तड्यांत चहा मुरून तपकिरी जाळी दिसायला लागलीय, तळाशी दाट, काठाकडे विरळ. वापराने रंग पालटत जातो, त्याला हागीची सात रूपं म्हणतात, ती हीच. पेटी कपाटावर रिकामी आहे. वाडगा खिडकीत दोन चॉपस्टिकांवर उपडा असतो, खाच वाऱ्याकडे करून.