तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्ड का सोडला?

"मॅडम, बारा वर्षं मनोरुग्णालयात समाजसेविका म्हणून काढलीत आणि एकदम कॉलेजात शिकवायला?" विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं: कंटाळली असेल, नाहीतर पगार. पगाराचं खोटं नाही. नातेवाईक तर म्हणाले, "चला, आता निदान नोकरी लागली." म्हणजे आधी मी हौस भागवत होते! जे.जे. रुग्णालयात १९४६ सालापासून समाजसेवकाची पगारी नेमणूक होते, हे सांगून सांगून दमले.

खरं म्हणजे मध्ये एक रेशनकार्ड आहे.

बायकांच्या वॉर्डातली एक जण चार वर्षांनी चांगली बरी झाली होती. घरी सोडण्याआधी मी गृहभेटीला गेले. तीन तास एसटी, पुढे वडाप. भावाने चहा दिला. वहिनीने घडी न मोडलेली साडी दाखवली, "वन्संसाठी ठेवलीय." पत्ता पडताळायला मी रेशनकार्ड मागितलं. तिच्या नावावर लाल पेनची रेघ, बाजूला 'नाव कमी'. मी पाहिलं. मी पाहिलेलं भावाने पाहिलं. "लावायचं राहिलंय परत," म्हणाला. फॉर्मवर मी लिहिलं, कुटुंबाची तयारी: आहे.

दोन महिन्यांनी पोलीस तिला घेऊन आले. पिशवीत आमच्याच गोळ्यांच्या पट्ट्या, एकही गोळी न काढलेली. मला एवढंच म्हणाली, "तुम्ही घर बघून आला होतात ना?"

वॉर्डात जागा नव्हती. डिस्चार्ज किती झाले, हे रोज विचारलं जायचं. तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते: 'नाही' लिहिलं असतं तर ती तिथेच म्हातारी झाली असती. चूक नाही त्या 'मी'चं. घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १९वं कलमच सांगतं. मान्य. पण मग ठेवायचं कुठे?

त्यानंतर माझ्या हातून एकही फॉर्म वेळेवर भरला गेला नाही. पेन त्या रकान्यापाशी अडायचं. टेबलावर गठ्ठा वाढत गेला आणि त्यात अडकलेल्या बायका वॉर्डात बसून राहिल्या. हे मी कुणाला सांगत नाही. 'शिकवायची आवड होती' म्हणते.

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या मुलांना तीच केस देते, नाव-गाव बदलून, तो रकाना कोरा ठेवून. 'आहे' लिहिलं की मार्क कापते. यंदा एकीने 'आहे' लिहून खाली बारीक अक्षरात विचारलंय, "मॅडम, दुसरं काय लिहिणार?"

बाकीचे पेपर तपासून झालेत. तिचा राहिलाय.