आमची वाटचाल: चिमूटभर भुकटी

आमचा मूळ धंदा धान्याच्या गोदामांना पोती पुरवण्याचा. रिकामी पोती परत यायची ती सोंडे किड्यांसकट. विषारी धुरी नको म्हणणारे ग्राहक वाढले, तेव्हा किडे मारायला डायटम मातीकडे वळलो.

डायटम हे पाण्यातलं एकपेशीय शेवाळ. त्याची सिलिकाची कवचं लाखो वर्षं तळाशी साचून हलका, ठिसूळ खडक होतो. तो दळला की ही भुकटी. आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन याच मातीत जिरवून १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं. आमच्याकडे स्फोट झाला तो तक्रारींचा.

पहिलीच खेप फसली. व्यापाऱ्याने पाठवलेला माल पांढराशुभ्र, दिसायला झकास. पण तो द्रव गाळण्यासाठी भट्टीत भाजलेला प्रकार निघाला. भाजताना सिलिकाचे स्फटिक होतात आणि ती धूळ फुप्फुसांना घातक. माल परत केला, पैसे निम्मेच हाती आले. आता प्रयोगशाळेचा दाखला पाहिल्याशिवाय गोणी उतरवून घेत नाही. भुकटी न भाजलेली असली, तरी आमची माणसं मास्क लावूनच पुड्या भरतात.

मग फोन सुरू झाले: "किडे मरतच नाहीत!" कुणी ओलसर धान्यात मिसळलेली, कुणी भिंतीकडेला ढीग घातलेले. ढिगाला मुंग्या खुशाल वळसा घालून जातात.

शेवटी स्वतःच दोन बरण्या मांडल्या. कोरड्या धान्यात चिमूटभर भुकटी आणि वीसेक सोंडे. पहिल्या दिवशी पिठात लोळल्यासारखे पांढरे होऊन ते आरामात फिरत होते. मीच वैतागलो. तिसऱ्या दिवशी चाल मंदावली, आठवड्यात बहुतेक उताणे. भुकटी त्यांच्या अंगावरचा मेणाचा थर शोषते, कवच खरवडते, आणि अंगातलं पाणी उडून जातं. दमट धान्याच्या बरणीत मात्र सगळे मजेत!

त्यानंतर पुड्यावर ठळक छापलं: 'घाई असेल तर घेऊ नका.' आमचा विक्रेता यावर अजून नाराज आहे. खाली बारीक अक्षरांत बाकीचं: अंडी मरत नाहीत, म्हणून भुकटी भिजली किंवा झाडली गेली की पुन्हा भुरभुरा, फुलोऱ्यावर नको, मधमाश्याही मरतात.

सोबत रबरी फुंकणीही देतो. फटीत दिसेल न दिसेल एवढाच थर बसतो, त्यामुळे पुडा फार दिवस पुरतो. खप त्याने घटला, फोनही घटले.