शुश्रूषा करणाऱ्याला नेमके काय हवे असते

"आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या आणि त्यांना आवडेल ते खायला घाला," हे वाक्य आपल्याकडच्या असंख्य कुटुंबांनी ऐकलेले आहे. त्या दिवशी रुग्णालयातली फाइल बंद होते आणि घरातल्या एका माणसावर, बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलीवर, असे काम येऊन पडते की जे शिकायला परिचारिकेला काही वर्षे घालवावी लागतात. माझ्या काकांचा गालाचा कर्करोग शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊनही उलटला, तेव्हा कराडच्या घरी हे काम काकूने अंगावर घेतले. काकांचे तोंड दोन बोटेही उघडत नव्हते, म्हणजे आवडेल ते खायला घालण्याचा प्रश्नच नव्हता. नाकातल्या नळीतून काय, किती आणि कसे द्यायचे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नव्हते. शुश्रूषा करणाऱ्याला धीराच्या शब्दांहून दोन गोष्टींची अधिक गरज असते, असे माझे तिच्याजवळ राहून ठाम मत झाले आहे: जवळ बसून शिकवणारे कोणीतरी आणि स्वतःचे म्हणता येतील असे काही तास.

शिकवणे म्हणजे काय, ते मी प्रत्यक्ष पाहिले. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजेच आजार बरा होणार नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपशामक उपचारांचे, प्रशिक्षण घेतलेली एक परिचारिका घरी आली. गालावरच्या उघड्या जखमेच्या वासाने काका स्वतःच कोणाला खोलीत येऊ देईनासे झाले होते. तिने मिठाच्या कोमट पाण्याने जखम कशी धुवायची ते दाखवले आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून ती जखमेवर कशी भुरभुरायची, हे काकूच्या हातूनच करवून घेतले. चार-पाच दिवसांत वास एवढा कमी झाला की काकांनी शेजारच्या मित्राला आत बोलावले. नळीतून पेज देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, शेवटी थोडे पाणी सोडून नळी स्वच्छ करायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत, हे सगळे तिने तासाभरात शिकवले. एवढ्या शिकवण्याने काकूची भीती निम्म्याने कमी झाली.

तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिन या औषधाबद्दलची भीती मात्र काढायला वेळ लागला. वेदना परत येण्याची वाट न पाहता ही गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होते म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. आणि वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही. नातेवाईक मात्र "गुंगीचे औषध देऊन ठेवले आहे" असे काकूच्या तोंडावर म्हणत, आणि मग प्रत्येक गोळी देताना तिला अपराध्यासारखे वाटे. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळवणेच वर्षानुवर्षे कठीण होते. २०१४च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, तरी ते अजूनही प्रत्येक औषधदुकानात मिळत नाही. त्यामुळे गोळ्या संपायच्या आत त्या आणून देणे, हीदेखील घरच्या माणसाला केलेली मोठी मदत ठरते.

आता तासांविषयी. आजाऱ्याला भेटायला येण्याची आपली रीत चांगली आहे, पण ज्या घरात रात्रभर कोणी झोपलेले नसते तिथे दुपारी सहा माणसे आली की चहाचे आधणही त्याच बाईला ठेवावे लागते. शिवाय कोणी अमक्या गावच्या वैद्याचे नाव सांगते, कोणी "मुंबईला का नेले नाही?" असे विचारते आणि निघून जाते, त्या प्रश्नाचे ओझे तिच्याजवळ उरते. माझी चुलत भावंडे बंगळुरूहून नियमित पैसे पाठवत होती आणि ते आवश्यकही होते, परंतु पहाटे दोनच्या गोळीला पैसे उठत नाहीत. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६. यात मुलांचा सांभाळही आला. मरणासन्न माणसाच्या घरात हे अंतर किती वाढत असेल, याची कल्पना मला आहे. म्हणून आम्ही भावंडांनी शनिवारची रात्र वाटून घेतली. "काकू, आज मी आहे, तू आत जाऊन झोप," असे म्हटल्यावर पहिल्या वेळी ती गेली नाही. गोळ्यांची वही नीट भरलेली पाहिल्यावर मात्र पुढच्या शनिवारी गेली.

सगळे नातेवाइकांच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले आणि तिथे ग्रामपंचायतींच्या आधाराने परिचारिका घरोघरी जातात. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची सेवा करणारे शांती अवेदना सदन आहे आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला या औषधकंपनीचे केंद्र कर्करुग्णांची विनामूल्य काळजी घेते आणि रुग्णासोबत राहणाऱ्या घरच्या माणसालाही शिकवते. पण ही सगळी शहरातली ठिकाणे झाली. आयुष्मान आरोग्य मंदिरे म्हणवल्या जाणाऱ्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आणि उपकेंद्रांच्या सेवांच्या यादीत उपशामक सेवा आता आहे, तेव्हा आपल्या उपकेंद्रात जाऊन ती मागावी. मागणीच नसेल तर ती कागदावरच राहील.

शेवटचे दिवस जवळ आले की भूक जाते, झोप वाढते, श्वास अनियमित होतो. हे आधी समजावून सांगितलेले असल्यामुळे काकूने जबरदस्तीने पेज घातली नाही, आणि मध्यरात्री घाबरून अँब्युलन्सही बोलावली नाही. काका घरीच, आपल्या खाटेवर गेले.

तेराव्यानंतर घर रिकामे होते आणि नेमकी तेव्हाच तिची विचारपूस थांबते. काकूला कित्येक आठवडे दोन वाजता जाग येत होती. पेन्शनचे अर्ज, बँकेतले वारसाचे कागद, तिच्या स्वतःच्या रक्तदाबाकडे झालेले दुर्लक्ष, यांसाठी आम्ही शनिवारचा क्रम तसाच चालू ठेवला, आणि काकांच्या आजारपणात पुढे ढकललेले तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उन्हाळा सुरू होण्याआधी करून घेतले.